गाडगेबाबांचे कीर्तन आणि मदतीची मैफल

एखाद्या खेड्यातील शाळेच्या मदतीसाठी गाण्याचा कार्यक्रम ठेवण्याची प्रथा आपल्या धर्मग्रामांत आता चांगलीच रुळली आहे. इतकी, की तिच्याकडे समीक्षकाच्या नजरेने पाहावे असे कोणाच्या मनातही येत नाही. कार्यक्रम चांगल्या कामासाठी असतो, म्हणून गाणे कसे झाले हे विचारायचे नाही. आणि गाणे रंगले, म्हणून कामाचे काय झाले हेही विचारायचे नाही, असा एक अलिखित करार आयोजक आणि श्रोते यांच्यात झालेला दिसतो. या करारात दोन्ही बाजूंची सोय आहे. तोटा होतो तो गाण्याचा आणि शाळेचा. म्हणून मदतीच्या मैफलीकडे एक कलाप्रकार म्हणून पाहण्याचा प्रयत्न आम्ही येथे करणार आहोत. हा प्रकार मराठीत सर्वांत समर्थपणे ज्याने हाताळला तो माणूस स्वतःला कलावंत म्हणवून घेत नव्हता, आणि तो मूळचा अंजनगाव सुर्जीच्या परिसरातला होता.

अमरावती जिल्ह्यातील हे तालुक्याचे ठिकाण म्हणजे खरे तर अंजनगाव आणि सुर्जी अशी जोडगावे. दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात ३० डिसेंबर १८०३ रोजी येथे तह झाला, एवढ्यापुरते त्यांचे नाव शाळेच्या इतिहासात येते. वऱ्हाडात मात्र ती ओळखली जातात पानमळ्यांमुळे, पानपिंपळीमुळे, केळी आणि संत्र्यांमुळे. मूर्तिजापूरहून अचलपूरकडे जाणारी 'शकुंतला' ही अरुंद रुळांची गाडी येथूनच जात असे. आता ती बंद पडली आहे. सुर्जीला देवनाथ महाराजांचा मठ आहे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांच्या सांध्यावरचे हे नाथपंथी कवी कीर्तनासाठी आणि पदरचनेसाठी प्रसिद्ध होते. म्हणजे गाऊन सांगणे आणि ऐकून देणे या दोन्ही गोष्टी या मातीला नव्या नाहीत. याच तालुक्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म झाला. पुढे महाराष्ट्राने त्यांना गाडगेबाबा म्हटले.

बाबा निरक्षर होते. त्यांनी स्वतः काही लिहून ठेवले नाही. त्यांच्या कीर्तनाविषयी आपल्याला जे कळते ते इतरांच्या लेखणीतून. प्रबोधनकार ठाकरे यांचे चरित्र १९५२ साली, बाबा हयात असतानाच, प्रसिद्ध झाले. त्यात प्रबोधनकारांच्या लेखणीची धार आहे आणि त्यांच्या आवडत्या वैऱ्यांवरचे वारही आहेत. कधीकधी बाबा बोलतात की प्रबोधनकार, असा प्रश्न पडतो. गो. नी. दांडेकर यांनीही बाबांचे चरित्र लिहिले. दांडेकर जन्माने परतवाड्याचे, म्हणजे त्याच जिल्ह्याचे, आणि तरुणपणी बाबांच्या सहवासात राहिलेले. वऱ्हाडी बोलीचा कान त्यांना होता. शिवाय बाबांचे अखेरचे म्हणून सांगितले जाणारे, ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे झालेले कीर्तन ध्वनिमुद्रित झाले आहे. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीच्या वाटेवर वलगावनजीक त्यांचे देहावसान झाले.

नारदीय कीर्तनाची बांधणी आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. आधी नमन, मग पूर्वरंग, म्हणजे एखाद्या अभंगाचे निरूपण, मध्ये नामघोष, आणि नंतर उत्तररंग, म्हणजे निरूपणाला आधार देणारे आख्यान. कीर्तनकाराच्या पाठीशी टाळकरी, पेटी, मृदंग किंवा तबला. शेवटी आरती, ताटात पडलेले पैसे आणि बुवांची बिदागी. ही बांधणी शतकानुशतके टिकली, कारण तिच्यात बुद्धी, कान आणि मन या तिघांची व्यवस्थित वाटणी केलेली आहे.

गाडगेबाबांनी ती सरळ मोडली, असे म्हणण्यापेक्षा तिच्यातील एक एक खोली रिकामी करून तेथे श्रोत्यांना आणून बसवले, असे म्हणणे अधिक खरे होईल. आख्यान त्यांच्याकडे नव्हते. हरिश्चंद्र नव्हता, ध्रुव नव्हता. समोर बसलेल्या कुणब्याचे, परटाचे, महाराचे घर हेच आख्यान. लग्नासाठी काढलेले कर्ज, नवसाला कापलेले बकरे, बापाच्या तेराव्याला जेवू घातलेला गाव, दारूच्या पिठ्यावर उडवलेली मजुरी आणि या सगळ्यांत शाळेत न गेलेले पोर. निरूपणासाठी अभंग यायचे, तुकोबांचे आणि कबीराचे आधार यायचे. पण निरूपण बाबा करीत नसत, ते श्रोत्यांकडून करवून घेत. ते प्रश्न विचारत. अगदी साधा, हो की नाही एवढ्यात उत्तर संपेल असा प्रश्न. हजारो लोक एका आवाजात उत्तर देत. मग त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघे, आणि चार-पाच प्रश्नांनंतर श्रोत्याच्या लक्षात येई की आपण आपल्याच तोंडाने आपल्याविरुद्ध साक्ष दिली आहे. तेवढ्यात 'देवकीनंदन गोपाला'चा गजर सुरू होई आणि अवघडलेला माणूस टाळ्या वाजवत त्यात मिसळून जाई.

या गजराच्या जागेकडे संगीताचा विद्यार्थी म्हणून पाहावे असे आम्हांस वाटते. तो कीर्तनाच्या ठरावीक टप्प्यावर येत नाही. तो येतो श्रोता कोंडीत सापडला की. येथे रागदारी नाही, तानबाजी नाही, एकट्याने गाऊन टाळी घेण्यासारखे काही नाही. लयही साधी, टाळीने धरता येईल अशी. पण सभेत दाटलेली शरम आणि सभेत उसळलेले हसू या दोन्हींना एकाच दमात बाहेर पडायला वाट देणारे असे सामुदायिक गायन मराठीत दुसरे क्वचितच सापडेल. त्याच जिल्ह्यातील तुकडोजी महाराजांच्या खंजिरीत गाण्याची गोडी निश्चितच अधिक होती. त्यांच्यामागे लोक गात. गाडगेबाबांच्या पुढ्यात लोक आधी बोलत आणि मग गात. हा फरक छोटा नाही.

हा प्रचार आहे, कला नव्हे, असा आक्षेप पूर्वी घेतला गेला आहे आणि पुढेही घेतला जाईल. आम्हांला तो पटत नाही. प्रचारकाला उत्तर आधीपासून ठाऊक असते आणि ते तो श्रोत्याच्या हाती ठेवतो. बाबांनाही उत्तर ठाऊक होते, परंतु ते श्रोत्याच्या मुखातून, त्याच्याच बोलीत, त्याच्याच घरच्या उदाहरणाने बाहेर यावे यासाठी प्रश्नांची जी उतरंड ते रचत, तिला रचना म्हणावेच लागेल. १९७७ साली राजदत्त यांनी 'देवकीनंदन गोपाला' हा चित्रपट काढला, त्यात डॉ. श्रीराम लागू यांनी बाबा साकारले. अभिनय मोठ्या ताकदीचा. तरीही पडद्यावरच्या प्रश्नाला पडद्यावरचीच माणसे उत्तर देतात, चित्रपटगृहातला प्रेक्षक गप्प राहतो, आणि कीर्तनातले नेमके काय गळाले ते तेवढ्यात समजते.

आता पैशाकडे वळू. मदतीच्या कार्यक्रमाची समीक्षा पैशाला वगळून करता येत नाही. तेथे पैसा हा आशयाचाच भाग असतो. दिवसा बाबा गावात येत ते हाती खराटा घेऊन. गाव झाडून काढत, गटारे उपसत. रात्री कीर्तन. कीर्तनकार सकाळी आपल्या दारातली घाण उचलताना ज्यांनी पाहिला, त्यांच्यापुढे तो बोलत असे. बिदागी नाही, पायावर डोके ठेवू देणे नाही. लाखो रुपयांच्या धर्मशाळा उभ्या राहिल्या, परंतु त्यांतील एकीवरही स्वतःची वा आपल्या नातलगांची मालकी राहणार नाही याची काळजी त्यांनी घेतली आणि संस्था विश्वस्तांच्या हाती दिल्या. पूर्णाकाठच्या ऋणमोचनला घाट झाला. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा झाल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन करण्यात आली. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेला त्यांचे साहाय्य होते. रयतने १९५४ साली कऱ्हाडला काढलेल्या महाविद्यालयाला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. १९५२ साली स्थापन झालेल्या गाडगे महाराज मिशनने पुढे आश्रमशाळा आणि वसतिगृहे चालवली. ज्याला सही करता येत नव्हती त्याच्या नावाने २००५ पासून अमरावतीचे विद्यापीठ ओळखले जाते.

शाळा हा त्या कीर्तनाचा विषय होता आणि शाळा हेच त्याचे फळ होते. आधी गाणे, मग निवेदकाने वाचून दाखवलेले शाळेसाठीचे आवाहन, अशी फारकत तेथे नव्हती. जो श्रोता मुलीला शाळेत घालण्याच्या प्रश्नावर हजारोंच्या समक्ष 'हो' म्हणून चुकला, तो घरी जाताना शाळेला काही देईल ही गोष्ट ओघानेच आली. पैसे दिले नाहीत तरी निदान मूल शाळेत जाईल. आमच्या मते हे दुसरे दान पहिल्याहून मोलाचे. कारण वर्गखोली बांधणे सोपे, तिच्यात मूल आणणे कठीण.

तथापि भक्तिभावाने डोळे मिटून घेण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. बाबांचा शिक्षणाविषयीचा एक उपदेश सर्वतोमुखी आहे: जेवणाचे ताट मोडावे लागले तरी मोडा, भाकरी हातावर घेऊन खा, बायकोला हलक्या भावाचे लुगडे घ्या, पण पोराला शाळेत घाला. उपदेश हृदयाला भिडतो. पण त्याग कोणाच्या वाट्याला येतो ते पाहावे. ताट सर्वांचे मोडते; अंगावरचे वस्त्र मात्र एकटीचेच हलके होते. धोतराचा भाव उतरवण्याची सूचना तेथे नाही. स्त्रियांच्या कष्टांविषयी बाबांच्या मनात करुणा होती यात शंका नाही, तरी त्या काळाची सवय त्यांच्याही वाक्यात शिरली आहे, एवढे समीक्षकाने नोंदवायला हरकत नसावी. दुसरे असे की हा कलाप्रकार एका माणसाच्या देहाला चिकटलेला होता. चिंध्यांचे वस्त्र, डोक्यावरचे खापर, हातातली काठी यांची नक्कल करून कीर्तने करणारे पुष्कळ निघाले, अजूनही शाळांच्या स्नेहसंमेलनांत निघतात. पण सकाळी झाडलेला गाव पाठीशी नसला की प्रश्नांना धार राहत नाही, उरतो तो वेश. संस्था टिकल्या, कीर्तन टिकले नाही. देवनाथांच्या मठातली परंपरा शिकवता येण्याजोगी होती, बाबांची तशी नव्हती.

मग मदतीचे प्रत्येक गाणे कीर्तनासारखेच असावे काय? आपल्या गायनवृंदांना प्रश्नोत्तरांचे कीर्तन करा असे सांगणे हास्यास्पद ठरेल. गाण्याचा विषय आणि मदतीचा विषय एक असलाच पाहिजे, असाही आमचा आग्रह नाही. तो तसा नसूनही थोर ठरलेला एक प्रयोग मराठी रंगभूमीच्या इतिहासात आहे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले. खाडिलकरांच्या त्या नाटकात स्वराज्याविषयी काही नाही. आहे ती धन मोठे की मान मोठा ही प्रेमकथेतून मांडलेली तक्रार. पण गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या त्या रात्री एका रंगमंचावर आल्या; बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर समोरासमोर उभे राहिले. दोन्ही बाजूंच्या चाहत्यांनी वर्षानुवर्षे ज्या तुलनेवरून वाद घातले ती तुलना दोघांनीही उघड्यावर होऊ दिली. आपले स्थान पणाला लावणे हेच त्यांचे दान होते. तिकिटाचे पैसे नंतरचे. पुढे तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव गेले. एरवी मिळाले नसते असे काही कलावंताने त्या रात्री दिले काय, ही कसोटी आम्ही या प्रयोगावरून घेतो.

युरोपातले एक उदाहरण आपल्या वाचकांना अधिक जवळचे वाटेल, कारण त्यातील संगीत नाताळात आपल्याही कानांवर पडते. हँडेलचा 'मसाया' पहिल्यांदा सादर झाला तो लंडनच्या कोणा सरदाराच्या दिवाणखान्यात नव्हे, तर १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिनमध्ये, मदतीचा कार्यक्रम म्हणून. दोन रुग्णालये आणि कर्जापायी तुरुंगात खितपत पडलेले कैदी यांच्यात उत्पन्न वाटले गेले. त्यातून १४२ ऋणको सुटले असे सांगतात. गर्दी मावावी म्हणून स्त्रियांनी फुगीर घेराचे झगे आणि पुरुषांनी तलवारी घालून येऊ नये अशी विनंती वृत्तपत्रांतून केली होती. प्रतिष्ठेची दोन चिन्हे घरी ठेवून आत यायचे! आमच्या मते हे आयोजन नव्हे, हे दिग्दर्शनच. पुढे लंडनच्या अनाथ मुलांच्या संस्थेसाठी, फाउंडलिंग हॉस्पिटलसाठी, १७४९ साली हँडेलने गरिबांची काळजी वाहणाऱ्यांविषयीच्या स्तोत्रवचनांवर एक स्वतंत्र रचना बांधली. १७५० पासून तेथे 'मसाया'चे प्रयोग होऊ लागले आणि संस्थेला वर्षानुवर्षे उत्पन्न मिळत राहिले. १७५९ साली मृत्यूपूर्वी त्याने मृत्युपत्राद्वारे 'मसाया'ची स्वरलिपी आणि वादक-गायकांसाठीच्या प्रती त्या संस्थेला दिल्या. पैसा एका रात्रीचा. ती स्वरलिपी कायमची. कर्जाच्या कैद्यांची ती गोष्ट वाचताना वऱ्हाडातील कापूसवाला शेतकरी आणि त्याला कर्जाविरुद्ध सावध करणारे बाबा आठवल्याशिवाय राहत नाहीत.

व्हेनिसमध्ये याच्याही आधी निराळी वाट काढलेली होती. अनाथ मुलींच्या पिएता या आश्रमात १७०३ साली धर्मगुरू होऊन आलेले अंतोनियो विवाल्डी व्हायोलिन शिकवू लागले. त्या मुलींचे वादन ऐकायला युरोपभरचे प्रवासी येत आणि त्यातून संस्थेला आधार मिळे. मुली जाळीआड उभ्या राहून गात व वाजवत. त्या दयेच्या नजरेपासून झाकलेल्या राहिल्या आणि कानांना मात्र कलावंत म्हणून भेटल्या. आपल्याकडे आनंदवनात विकास आमटे यांच्या पुढाकाराने २००२ साली 'स्वरानंदवन' उभे राहिले, त्यात कुष्ठमुक्त आणि अपंग कलावंत स्वतःच गातात, वाजवतात. तेथे जाळी नाही. ते समोर येतात. दोन्ही पद्धती आम्हांस मान्य आहेत, कारण दोन्हींत ज्यांच्यासाठी मदत मागायची तेच देणारे झाले आहेत.

उलट बाजूचीही उदाहरणे आहेत. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले ते राजाश्रयावर न विसंबता, स्वतःच्या जाहीर मैफलींच्या आणि देणग्यांच्या बळावर. गाण्याने शाळा चालवण्याचा असा प्रयत्न आपल्या देशात अपूर्व होता. पण मुंबईच्या इमारतीचे कर्ज मैफलींना फेडता आले नाही आणि १९२४ साली तिचा लिलाव झाला. शाळेचे शिष्य उरले, पुढे त्यांनीच देशभर तिच्या शाखा पसरवल्या. इमारत तेवढी गेली. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कला पं. रविशंकर यांच्या विनंतीवरून जॉर्ज हॅरिसनने बांगलादेशातील निर्वासितांसाठी केलेल्या मैफलीचे तिकिटांचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफला पोचले. ध्वनिमुद्रिकांचे त्याहून कितीतरी मोठे उत्पन्न मात्र करांच्या वादात वर्षानुवर्षे अडकून पडले. संगीतात काही उणे नव्हते. कागदपत्रे आधी नीट केलेली नव्हती.

ही सगळी उदाहरणे मनात ठेवून आपल्या कार्यक्रमाकडे पाहू. आम्ही पाहिलेल्या अशा संध्यांचे चित्र बहुतेक एकसारखे असते. भाड्याचा वाद्यवृंद, हिंदी चित्रपटांची गाणी, मध्यंतराआधी सत्कार, सत्कारात शाली आणि श्रीफळे. मग शाळेची चार मुले रंगमंचावर आणून ओळीत उभी करायची, त्यांच्या हातांत एक मोठा कागदी धनादेश द्यायचा आणि छायाचित्र काढायचे. मुलांना बोलायला सांगत नाहीत. गायला तर नाहीच. अनेकदा त्यांना परतीच्या वाहनाची वेळ गाठायची म्हणून छायाचित्रानंतर लगेच खाली उतरवून बाहेर नेतात. ज्यांच्या नावाने दोन तास गाणे चालते त्यांनी त्यातले एकही गाणे पुरते ऐकलेले नसते. विवाल्डीच्या जाळीत जी लाज राखली गेली ती येथे आपण उघड्यावर मांडतो, आणि पुढच्या रांगेतल्या देणगीदाराला त्या मुलाचे डोळे आपल्याकडे लागलेले बघण्याचे समाधान देतो. प्रभूने दानपेटीपाशी बसून श्रीमंतांच्या मोठ्या रकमांपेक्षा विधवेची दोन नाणी अधिक मोजली, हा प्रसंग आपण दरवर्षी वाचतो. आपल्या पत्रिकेवर मात्र देणगीदारांची नावे रकमेच्या उतरत्या क्रमाने छापलेली असतात.

खर्चाचा प्रश्न याहून अवघड आहे. मंडप, ध्वनिक्षेपक, वाद्यवृंदाचे मानधन, पत्रिका आणि पाहुण्यांचे जेवण वजा जाता शाळेकडे काय जाते? आम्हांस ठाऊक असलेल्या कित्येक ठिकाणी हा आकडा जाहीर होत नाही. जाहीर होते ते एकूण जमा. लग्नाच्या जेवणावळीसाठी कर्ज काढणाऱ्या शेतकऱ्याला बाबांनी जो प्रश्न विचारला असता, तोच या मंडपात उभे राहून विचारता येईल. काही मंडळी म्हणतात की कार्यक्रम तोट्यात गेला तरी लोक एकत्र येतात, तेही कामच आहे. मान्य. मग ते स्नेहसंमेलन म्हणून करावे, वर्गणी स्नेहसंमेलनाची घ्यावी. शाळेचे नाव तिकिटावर छापले की प्रत्येक रुपयाचा धनी बदलतो.

अंजनगावच्या पंचक्रोशीतील शाळेला काय हवे असते, हेही आयोजकांनी आधी विचारलेले बरे. तिच्या उत्तरेला गाविलगडाचे डोंगर आहेत, पलीकडे मेळघाट. कामासाठी आईबाप गाव सोडून गेले की मुलेही जातात, आणि वर्षाच्या मधोमध पट रिकामा होतो. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला. प्राथमिक शिक्षण मोफत आहे, पुस्तके मिळतात, दुपारचा आहार मिळतो. तेव्हा वह्या-दप्तरांचा ढीग रंगमंचावर रचण्यात फारसा अर्थ उरलेला नाही. मागे राहणाऱ्या मुलाला आजीजवळ किंवा वसतिगृहात सहा महिने सांभाळण्याचा खर्च, मुलींसाठी वापरता येण्याजोगे शौचालय आणि त्याला पाणी, आठवीनंतर तालुक्याच्या शाळेत जाणाऱ्या मुलीचे बसभाडे: या गोष्टी छायाचित्रात उठून दिसत नाहीत. बाबांनी घाट आणि धर्मशाळा बांधल्या त्याही अशाच, दिसण्यापेक्षा वापरण्यासाठी.

कार्यक्रमाचे स्वरूप काय असावे, याविषयी आम्ही एक निश्चित सूचना करू. मुलांनी गावे. चित्रपटगीत बसवून घेऊन नव्हे; त्यांच्या घरी जे गातात ते, जात्यावरचे, सणाचे, कोरकू घरातले असेल तर कोरकूत. वृंदाने त्यांच्या मागे गावे. आपल्या गायनवृंदांना दुसऱ्याच्या सुरामागे जाण्याची सवय फार कमी आहे, तीही यानिमित्ताने लागेल. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' छापले ते येथल्या लोकांच्या गाण्याच्या वळणात आपली कथा बसवण्यासाठी. परक्याने आपल्या ओवीपुढे मान लवविली होती, मग कोरकू गाण्यामागे धरताना आपल्याला कमीपणा वाटायचे कारण नाही. मुलांचे गाणे कच्चे निघेल, ताल सुटेल. सुटू द्यावा. पुढच्या वर्षी तीच मुले कितपत सुधारली हे ऐकायला श्रोता पुन्हा येईल, आणि धनादेशाच्या छायाचित्रापेक्षा शाळेचा तो अधिक विश्वसनीय अहवाल असेल.

रकमेचे दोन भाग करता येतील. एक शाळा जे मागेल त्यासाठी. दुसरा, लहान, गाणे तेथेच राहावे यासाठी. हँडेलने मागे स्वरलिपी ठेवली. अंजनगावच्या बाजूच्या एखाद्या खेड्यात हार्मोनियम, ढोलकी आणि चार जोड्या टाळ ठेवता येतील, आणि आठवड्यातून दोनदा तालुक्याहून येऊन शिकवणारा कोणी मिळाला तर त्याचा प्रवासखर्च आणि मानधन पहिल्या वर्षाच्या हिशेबातच धरावे लागेल. तो हिशेब पुढल्या रविवारी चर्चच्या दाराशी, जमा आणि खर्च दोन्ही रकान्यांसह, लावून ठेवावा.